जमतं तिला थोडंफार

आमच्या लेकीचं कॉलेज आम्ही तीन कोटेशन मागवून निवडलं. आमचे हे दुबईतल्या एका एअर-कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनिअर. तिथे साधा पंप घ्यायचा तरी तीन ठिकाणांहून भाव मागवतात, त्यांचा तक्ता करतात, तक्त्यावर तिघांच्या सह्या होतात आणि शेवटी साहेबांच्या मनात जो पहिल्यापासून असतो तोच पंप येतो. ही थोर पद्धत यांनी घरी आणली. लेक बारावीत होती, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, आणि जानेवारीतच बर दुबईच्या आमच्या फ्लॅटमधल्या फ्रिजवर तक्ता लागला. रकाने सहा. कॉलेज, रँकिंग, फी, हवामान, व्हेज जेवण आणि शेवटचा, लाल पेननं लिहिलेला, 'जवळ आपलं माणूस'.

मुलगी दहा वर्षं आइस हॉकी खेळत होती आणि तिला तेच खेळायला कॉलेजात जायचं होतं, एवढी किरकोळ गोष्ट सोडली तर तक्त्यात सगळं होतं. तिनं विचारलं, "बाबा, व्हेअर इज द हॉकी कॉलम?" हे म्हणाले, "रिमार्क्समध्ये टाकू ना."

खरं तर या हॉकीला जबाबदारही हेच. नव्वदनंतर कधीतरी दुबईतल्या एका जुन्या आइस रिंकच्या कूलिंगचं काम यांच्या कंपनीकडे आलं. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री आणि आत बर्फ वितळू द्यायचा नाही, अशी नोकरी. कामाबरोबर चार पास मिळाले. फुकटचं आम्ही कधी सोडलंय? गेलो. मी साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, आणि कानाला मफलर. लेक आठ वर्षांची. बर्फावर उतरली, दोनदा सपशेल आपटली, तिसऱ्यांदा उभी राहिली ती पुढची दहा वर्षं घरी यायचं नावच घेईना.

आधी नुसतं स्केटिंग होतं. मग तिथली कॅनेडियन आणि फिनलंडची पोरं हातात काठ्या घेऊन एका काळ्या रबरी चकतीमागे धावायची, ही त्यांच्यात घुसली. पुढे मुलींची वेगळी टीम झाली. मराठी मंडळात मी 'लेक हॉकी खेळते' म्हटलं की बायका म्हणायच्या, "अय्या, स्कर्ट घालून?" मी म्हणायचे, नाही, चिलखत घालून. हेल्मेट, खांद्याला पॅड, कोपराला पॅड, गुडघ्याला पॅड, आणि ते सगळं घामानं चिंब होऊन एका बॅगेत कोंबलेलं. त्या बॅगेसकट मी लिफ्टमध्ये होते तेव्हा बिल्डिंगच्या नातूरनं, म्हणजे वॉचमननं, हळूच विचारलं होतं, "मॅडम, अंदर कुछ मर गया क्या?" मी म्हटलं, "हां भैया, मेरी फ्रायडे की छुट्टी."

कारण सराव शुक्रवारी सकाळी. आठवड्याची एकुलती एक सुट्टी. लोक देवळाच्या गल्लीत जायचे, नाहीतर पांघरूण डोक्यावर घेऊन पडायचे, आणि मी रिंकच्या सर्वांत वरच्या बाकावर, मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसायचे. दोन जुड्या, कधी तीन. रिंकचं एक बरं, मेथी कोमेजत नाही. एका नव्या आलेल्या फिनलंडच्या बापानं मला विचारलं होतं की ही काही धार्मिक प्रथा आहे का. मी म्हटलं, हो, आमच्यात शुक्रवारी करतात.

लेक खेळायची डिफेन्सला. समोरच्या पोरी चकती घेऊन धावून यायच्या आणि ही त्यांच्याकडे तोंड करून उलटी उलटी सरकत त्यांना अडवायची. गोल करणारीचा फोटो काढतात. न झालेल्या गोलाचा फोटो कोण काढणार? मॅच संपली की ही हेल्मेट काढून वर बघायची, आणि मी मेथी निवडत असायचे. मग गाडीत, "झालं का? भूक लागली असेल," एवढंच आमचं मॅचवरचं भाष्य.

मुलींना शिकवायला एक कॅनेडियन बाई होती. शारजातल्या एका शाळेत शिकवायची, रिंकवर स्वतः गाडी हाकत यायची. बाकी सगळे तिला नावानं हाक मारत. माझ्या जिभेला ते वळण नाही, मी तिला टीचर म्हणायचे. ती एका गुरुवारी संध्याकाळी घरी आली, पोहे खाल्ले, आणि फ्रिजवरचा तक्ता डोळे बारीक करून बघत राहिली. हे अभिमानानं समजावून सांगायला लागले. पहिलं कोटेशन पुण्याचं इंजिनिअरिंग, एनआरआय कोट्यातून. आपलं माणूस: दोन्हीकडचे आजी-आजोबा, शिवाय अख्खं पुणं. बर्फ: उसाच्या रसात. (हे शेवटचं मी म्हणाले, तक्त्यात नव्हतं.) दुसरं कोटेशन अमेरिकेतलं एक मोठं विद्यापीठ. आपलं माणूस: माझी नणंद, गाडीनं चाळीस मिनिटं. मुलींची आइस हॉकी टीम तिथे नाही, रविवारी हौशी पोरी जमतात म्हणे, जमल्या तर. तिसरं कोटेशन अमेरिकेतच उत्तरेला, कॅनडाच्या सीमेपाशी, एक छोटं कॉलेज. मुलींची खरी टीम. आपलं माणूस: शून्य. शून्याखाली दोन रेघा.

हे तिसरं कॉलेज टीचरनंच शोधलं होतं. तिथल्या कोचबाईंना लेकीच्या खेळाची टेप पाठवली होती. टेप यांनी काढली होती, त्यामुळे दोन तासांत पाऊण तास कंप्रेसर रूम होती. टीचरनं ती कापून धाडली. कोचबाईंना खेळ आवडला. त्यांच्या डिफेन्सच्या दोन पोरी त्या वर्षी कॉलेज संपवून निघणार होत्या, म्हणजे दोन जागा रिकाम्या, त्यातली एक हिच्यासाठी बघू, असा त्यांचा ई-मेल आला होता. तो लेकीनं प्रिंट काढून उशीखाली ठेवला होता. मला माहीत होतं, चादर मीच बदलते.

टीचर म्हणाली, तुमच्या तक्त्यात सगळं आहे, फक्त विचारायच्या गोष्टी नाहीत. तिनं बोटांवर मोजल्या. टीममध्ये हिच्या जागेच्या किती मुली आधीच आहेत? चूक केलेल्या मुलीशी कोच कशी बोलते? तिथे आत्ता खेळणाऱ्या मुलींना कोणी फोन करून विचारलंय का? "आणि सगळ्यांत महत्त्वाचं," ती लेकीकडे वळून म्हणाली, "पहिल्याच महिन्यात तुझा पाय मोडला आणि तुला कधीच खेळता आलं नाही, तरी त्या कॉलेजात तुला राहावंसं वाटेल का?"

मी पोह्यांचा डाव हातात घेऊन तशीच उभी. म्हटलं, "शुभ बोल गं बाई! तिन्हीसांजेची वेळ आहे." ते तिला कोणी भाषांतर करून सांगितलं नाही, बरं झालं.

लेक म्हणाली, "थर्ड वन. इव्हन विथ अ ब्रोकन लेग." तिथला ओल्या जमिनींचा आणि पक्ष्यांचा अभ्यास तिला करायचा होता म्हणे. हे मला नवीनच होतं. सहा रकान्यांत आम्ही तिला काय शिकायचंय हेही विचारलं नव्हतं.

हे म्हणाले, "इन्शाल्ला." बारा वर्षं दुबईत राहून आमच्या यांनी एवढं एकच अरबी नीट आत्मसात केलं, नाही म्हणायचं असेल तिथे इन्शाल्ला म्हणायचं. पण टीचरनं पिच्छा सोडला नाही, तेव्हा म्हणाले, बरं, कोचनं जागा पक्की केली तर बघू. नुसत्या आशेवर पोरीला बर्फात सोडणार नाही. टीचर म्हणाली, रास्त आहे, कोच एक दिवस फोन करेल, घरच्यांशी बोलेल, मग पक्कं होईल.

तो फोन मी घेतला.

गुरुवार संध्याकाळ होती. लेक फिजिक्सच्या ट्यूशनला, हे साइटवर, आणि माझे हात भज्यांच्या पिठात. वाटलं नणंदबाईंचा असेल, त्यांचं रोज चालू होतं, खोली रंगवून ठेवलीय, पडदे कुठल्या रंगाचे लावू. कोपरानं स्पीकर दाबला तर पलीकडे अमेरिकन बाई. मी हात धुतले, पदर सारखा केला, आणि ताठ उभी राहिले. फोनवर कोणाला दिसतंय? पण कॉलेजातून फोन म्हणजे प्रोफेसरच, आणि प्रोफेसरांसमोर बसून कसं बोलायचं?

आता इथे एक सांगायला हवं. आमच्यात स्वतःच्या पोराचं कौतुक स्वतःच्या तोंडानं करत नाहीत. दृष्ट लागते, शिवाय शोभत नाही. त्यामुळे दुबईच्या मराठी मंडळात प्रत्येकीचं पोर 'अजिबात अभ्यास करत नाही गं' आणि पंच्याण्णव टक्के मिळवतं. गाणारी 'गुणगुणते आपली' आणि तिच्या कार्यक्रमाची आमंत्रणं घरोघरी जातात. ऐकणारीनं काय करायचं तेही ठरलेलं, 'काहीतरीच काय, किती हुशार आहे!' म्हणायचं. मग आपण 'कसलं काय' म्हणायचं. असं तीनदा झालं की चहा. ही सगळी व्यवस्था जगभर चालत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कोचबाईंनी गोड आवाजात विचारलं, तुमची मुलगी कशी खेळते, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हटलं, "कसलं काय मॅडम. जमतं तिला थोडंफार." म्हणजे इंग्रजीत, 'शी प्लेज ओके, मॅडम. नथिंग स्पेशल.' आणि थांबले. आता त्या 'काहीतरीच काय' म्हणतील म्हणून.

त्या काही म्हणाल्या नाहीत. नुसतं "ओह" म्हणाल्या.

मला वाटलं, बाई कडक आहेत, अभ्यासाची खात्री हवी असेल. मग मी सुरूच झाले. मॅडम, अजिबात काळजी करू नका, आमच्या घरी अभ्यास आधी. हॉकी म्हणजे नुसता छंद. मार्क जरा कमी झाले की त्या दिवसापासून हॉकी बंद, मी स्वतः तुम्हाला पत्र लिहीन. ती काही वेडी नाही हॉकीसाठी. आणि जाता जाता, गोल तर चारच केलेत दहा वर्षांत.

कोचबाई म्हणाल्या, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मनापासून आभार.

मी तरंगत फोन ठेवला. हे घरी आले तर दारातच सांगितलं, "अहो, प्रामाणिक म्हणाली मला. मनापासून म्हणाली." हे खूश. भजी करपली होती, तरी खाल्ली. लेकीनं तीनदा विचारलं, "बट व्हॉट डिड यू से?" मी म्हटलं, आईवर विश्वास आहे ना? त्या आठवड्यात मंडळात मी सगळ्यांना सांगितलं, मुलाखत तशी बरी झाली, थोडंफार बोलता आलं. सगळ्या म्हणाल्या, काहीतरीच काय, तुझं इंग्लिश किती छान आहे! बघा, बरोबर चालते की नाही ती व्यवस्था.

दहा दिवसांनी ई-मेल आला. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावायची आणि किरकिर ऐकत बसायचं. लेकीनं वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग खुर्ची सरकवून मला जागा करून दिली, तू वाच म्हणून. लिहिलं होतं, तुमच्या आईंशी मोकळेपणानं बोलणं झालं. हॉकी तुमच्यासाठी छंद आहे याचा आम्हाला आदर आहे. पण आम्हाला अशी मुलगी हवी आहे जिला हा खेळ मनापासून हवा आहे, आणि ती जागा आम्ही दुसऱ्या एका मुलीला दिली आहे. शुभेच्छा.

"आई, व्हॉट डिड यू टेल हर?"

"काही नाही गं. बरंच... म्हणजे, जमतं थोडंफार, असं म्हटलं."

"यू टोल्ड हर आय ॲम ओके?"

"तसंच म्हणतात."

ती रडली नाही. ओरडलीही नाही, त्याचा मला राग आला. ओरडली असती तर मीही ओरडले असते. ती म्हणाली, "आय ॲम नॉट ओके, आई. आय ॲम गुड."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "असं स्वतःच्या तोंडानं बोलू नये बाळा." खरंच म्हणाले. माझ्यासारखी आई दुश्मनालाही मिळू नये.

पुढचे आठ दिवस ती आमच्याशी कामापुरतं बोलली. शुक्रवारी सकाळी मी मेथी पिशवीत भरून, शाल घेऊन तयार, तर ती पांघरुणातून म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग. खलास." दहा वर्षांत कावीळ झाली तेव्हा सोडून तिनं सराव चुकवला नव्हता. हे फ्रिजपाशी गेले, पेननं तिसऱ्या कोटेशनवर फुली मारली आणि नणंदेला फोन लावला. पडदे निळे ठरले.

पुढच्या शुक्रवारी दुपारी टीचरचाच फोन आला, दोन आठवडे कुठे आहे पोरगी. मी सगळं सांगितलं, अगदी अक्षर न् अक्षर, कारण अजूनही मला वाटत होतं की चूक त्या कोचबाईंची. टीचर सावकाश म्हणाली, तिकडचे आईबाप फोनवर इतकी स्तुती करतात की कोचला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागतो. दर वर्षी. प्रत्येक मुलीचे आईबाप. अशात एक आईच जर म्हणाली की मुलगी ठीकठाक आहे, वेडी वगैरे नाही, तर कोच काय समजेल? टेप फसवी होती असंच ना?

मी खुर्चीवर बसले. आठ दिवस मी घरभर भांडी आपटत होते, आणि भांडं फोडलं होतं ते मीच. देवळातल्या पुजाऱ्यांसमोर, मंडळात, नणंदेकडे, शेजारच्या मलयाळी बाईंकडे, दहा वर्षं मी 'जमतं थोडंफार' वाटत आले होते. त्यांना सगळ्यांना खरं कळत होतं. ज्यांना कळलं नाही अशा दोघीच, एक त्या कोचबाई आणि दुसरी माझी पोर.

घड्याळ पाहिलं, साडेपाच. आपला शुक्रवार म्हणजे त्यांचा कामाचा दिवस, तिकडे सकाळ झाली होती. हे सोफ्यावर पेपर वाचत होते. मी नंबर फिरवायला लागले तसे म्हणाले, "अमेरिकेला? आत्ता? काय बोलणार आहेस?"

"तुमची टेप दाखवणार आहे त्यांना. कंप्रेसरसकट."

कोचबाई मिळाल्या. मी नाव सांगितलं, तर आवाज एकदम सावध झाला. मी म्हटलं, मॅडम, गेल्या वेळी मी तुमच्याशी शिष्टाचारानं बोलले. आमच्यात आई आपल्या मुलीचं कौतुक करत नाही, आणि समोरच्यानं त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. तुम्ही ठेवलात. चूक माझी. आज खरं सांगते, ते ऐका.

आणि मी बोलायला लागले. इंग्रजी कुठलं कसलं, निम्मं हिंदी, निम्मं देवाच्या हवाली. मॅडम, चार गोल केलेत हे खरं आहे. न होऊ दिलेले किती ते मला विचारा. गेल्या डिसेंबरात अबू धाबीच्या टीमबरोबर मॅच होती. शेवटची चार मिनिटं. आमची गोलकीपर पडलेली, आणि तिघी एकदम अंगावर आल्या. ही एकटी. ही उलटी सरकत गेली, बाकीच्या दोघींकडे बघितलंच नाही, कारण चकती डावीकडच्या पोरीकडे होती आणि ती कधी पास करत नाही, स्वतःच मारते, हे तिला पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं होतं. मलाही कळलं होतं. तिनं मारायची वाट बघितली आणि आडवी पडली. चकती मांडीवर बसली. पंधरा दिवस काळानिळा डाग होता. घरी सांगितलं, शाळेत बाक लागला. मॅडम, तो बाक मी दहा वर्षं बघतेय. वेडी नाही म्हणाले होते ना मी? जेवताना मिठाची बाटली आणि लोणच्याची बरणी सरकवत असते, कोण कुठून येईल ते बघते. तुमचा ई-मेल तिच्या उशीखाली होता. मागे सरकायला तिच्याइतकं कोणाला येत नाही. आमच्या घरी गाडी पुढे घेतानाही यांना इतकं जमत नाही.

हे पेपरातून म्हणाले, "अगं!"

"गप्प बसा हो. मॅडम, माझी मुलगी फार चांगली खेळते. फार म्हणजे फार चांगली. हे मी पहिल्यांदा म्हणतेय, म्हणून आवाज कापतोय, खोटं आहे म्हणून नाही."

पलीकडे त्या हसल्या. चेष्टेनं नाही. म्हणाल्या, हे तीन आठवड्यांपूर्वी सांगायचं होतं. ती जागा गेली, त्या मुलीनं होकारही कळवला, आता शब्द मागे घेता येणार नाही. कॉलेजात प्रवेश मार्कांवर मिळेल, तो तिनं घ्यावा. ऑक्टोबरमध्ये बर्फावर निवड-चाचणी असते, सगळ्यांना खुली, त्यातून कधी एक घेतो, कधी कोणीच नाही. कबूल काहीच करत नाही.

फोन ठेवून वळले तर लेक हॉलच्या दारात. हॉकीची बॅग ओढत आणली होती. उद्या ती टीचरकडे नेऊन टाकणार होती, टीममधल्या लहान पोरींना पॅड होतील म्हणून. ती त्या बॅगेवरच बसली.

"तू बघत होतीस?" ती म्हणाली. मराठीत. आमची लेक मराठीत कधी बोलायची, तर आजीचा फोन आला की.

"बघत कसली? समोरच चाललेलं असतं म्हणून दिसतं," मी म्हणाले. जित्याची खोड.

"यू वेअर ऑल्वेज डूइंग मेथी."

"हात करत होते. डोळ्यांना काय काम होतं?"

तिनं गुडघ्यांत डोकं घातलं. आता मात्र रडली. मी तिच्या शेजारी त्या घाणेरड्या बॅगेवर टेकले आणि मीही रडले. हे पेपर घडी घालून, उघडून, परत घडी घालत होते.

रात्रीच्या जेवणाला तक्त्यावर पुन्हा चर्चा. हे म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी सगळं पक्कं आहे, आत्या आहे, खोली आहे, पडदेसुद्धा लागलेत. तिसरीकडे जागा नाही, माणूस नाही, वचन नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? लेक म्हणाली, "बाबा, टीचरनं विचारलेलं. पाय मोडला तरी राहशील का. आय सेड येस. चला, समजा मोडला."

मी उठले, फ्रिजवरून तक्ता काढला, शेवटचा रकाना कात्रीनं कापला आणि उरलेला परत लावला. हे म्हणाले, तीन सह्या लागतात. मी म्हटलं, दोन झाल्या, तुमची करा. "आणि इन्शाल्ला म्हणालात तर जेवण वाढणार नाही."

ऑगस्टात ती गेली. नणंदबाई दोन वर्षं आमच्याशी बोलल्या नाहीत, हा अनपेक्षित फायदा. सप्टेंबरात ती फोनवर पक्षी सांगायची, मी जेवण विचारायचे. चाचणीचं दोघीही काढत नव्हतो. मी शुक्रवारी सकाळी सवयीनं उठायचे, मेथी घरीच निवडायचे. घरात मेथी पटकन कोमेजते.

ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी फोन आला. "आई, घेतलं मला. दे टुक वन. मला घेतलं."

मी ताडकन उठून उभी राहिले. आणि तोंडातून काय बाहेर पडावं? "बरं झालं. अभ्यास कसा चाललाय?"

ती म्हणाली, "ठीक." आणि थोडं इकडचं तिकडचं बोलून ठेवला.

मी पाच मिनिटं फोनकडे बघत बसले. हेही बघत बसले. मग म्हणाले, "लाव परत." मी लावला. तिनं उचलल्या उचलल्या मी म्हटलं, मध्ये श्वासही घेतला नाही, "ऐक. मला फार आनंद झालाय. तू फार चांगली खेळतेस, मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. मी येणार आहे तुझी मॅच बघायला. तिकीट काढते."

"ये," ती म्हणाली. "पण येताना मेथी आणू नकोस."